कांजीच्या डोक्यावरचा उच्चार

जपानी लिपीत जीवन या अर्थाची एक पाच रेघांची कांजी, म्हणजे चिनी मुळाचं अक्षर, आहे. 'गाकुसेई' म्हणजे विद्यार्थी या शब्दात ती आली की 'सेई' वाचायची. 'इश्शो' म्हणजे आयुष्यभर, तिथे तीच 'शो' होते. 'इकिरु' म्हणजे जगणे, यात तिच्या वाट्याला नुसता 'इ' येतो, 'उमारेरु' म्हणजे जन्मणे यात 'उ', आणि कच्चं या अर्थाने एकटीच आली तर 'नामा'. अक्षर तेच, रेघही इकडची तिकडे होत नाही. म्हणून जपानी छपाईत कांजीच्या डोक्यावर, आणि उभ्या मजकुरात तिच्या उजव्या अंगाला, हिरागाना या उच्चाराच्या लिपीत बारीक टायपात उच्चार देतात. वाचक त्याला फुरिगाना म्हणतात, छापखाना रूबी म्हणतो. रूबी हे ब्रिटिश छापखान्यांतल्या साडेपाच पॉइंटाच्या खिळ्याचं नाव. जपानी फुरिगानाचा खिळा जवळपास त्याच मापाचा असल्याने ते नाव तिकडे रुळलं आणि पुढे वेबच्या मानकांतही तसंच आलं.

बारीक अक्षरं मोठ्या अक्षरांच्या डोक्यावर दाखवणं ब्राउझरला १९९९ सालीच जमलं होतं. इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये साधा रूबी होता. तरीही त्याची मानकं अजून पूर्ण स्थिरावलेली नाहीत, कारण खरा वाद दिसण्याचा नाहीच. पडद्यावर ती अक्षरं वर दिसतात, पण फाइलीत सगळा मजकूर एका ओळीत, एकामागे एक असतो. त्या ओळीत उच्चार नेमका कुठे ठेवायचा, हा प्रश्न आहे. जागा चुकली तर पान दिसायला सुंदर राहतं आणि आतून शब्दाचे तुकडे होतात. या विषयावर काम करणाऱ्याने आधी फाइलीतली ओळ बघावी, पडदा नंतर, असं माझं ठाम मत आहे.

छपाईचे नियम आधी समजून घेतले पाहिजेत, कारण वेबवरचा रूबीचा प्रत्येक टॅग, म्हणजे मजकुराला लावायची खूण, त्यांच्यातूनच आला आहे. जपानी मजकूर-मांडणीच्या गरजांचा एक सविस्तर दस्तऐवज डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केला आणि २०१२ साली त्याची सुधारित आवृत्ती काढली. जपानच्या छपाईच्या औद्योगिक मानकातलं ज्ञान त्यात पहिल्यांदाच इंग्रजीत इतक्या तपशिलाने आलं. त्यात रूबीचे तीन प्रकार आहेत. एकेका कांजीला तिचा स्वतःचा उच्चार, हा मोनो रूबी. अख्ख्या शब्दाला मिळून एकच उच्चार, हा गट रूबी. आणि तिसरा, सर्वांत नाजूक, जुकुगो रूबी, म्हणजे जोडशब्दाचा रूबी.

गट रूबी का लागतो, ते 'ओतोना' या शब्दावरून कळतं. ओतोना म्हणजे प्रौढ माणूस. लिहायच्या दोन कांजी, 'मोठा' आणि 'माणूस', पण उच्चाराचा कुठला भाग कुठल्या कांजीचा हे सांगताच येत नाही, तो दोघींचा मिळून आहे. 'क्यो' म्हणजे आज, हाही तसाच. मापं बघू. मूळ अक्षर १० पॉइंटाचं असेल तर रूबी त्याच्या निम्मा, ५ पॉइंटाचा. दोन कांजी मिळून २० पॉइंट रुंद झाल्या, 'ओ-तो-ना' ही तीन काना, म्हणजे उच्चारलिपीतली, अक्षरं १५ पॉइंट झाली, ५ पॉइंट उरले. हे ५ पॉइंट कसे वाटायचे? जपानी छपाईचा जुना नियम १:२:१ असा आहे. अक्षरांमधल्या प्रत्येक फटीला दोन वाटे, दोन्ही टोकांना एकेक. इथे फटी दोन, टोकं दोन, म्हणून सहा वाटे झाले. टोकांना ०.८३ पॉइंट आणि मधल्या फटींना १.६७ पॉइंट. वेबपानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएसच्या रूबी मसुद्यात रूबीच्या मांडणीचं जे मूळ मूल्य ठरवलं आहे, 'स्पेस-अराउंड', ते बरोबर हेच वाटप करतं. हा आकडा कोणाच्या मनात आला म्हणून ठरलेला नाही, शिशाच्या खिळ्यांपासून तो असाच चालत आला आहे.

उलट बाजूची पंचाईत मोठी आहे. निम्म्या मापाचा रूबी म्हणजे एका कांजीवर दोन काना अक्षरं नीट बसतात. तिसरं आलं की ते बाहेर डोकावतं. 'कोकोरोझाशी' म्हणजे मनाशी धरलेलं ध्येय, ही एकच कांजी आणि तिच्यावर पाच अक्षरं. १० पॉइंटाच्या कांजीवर २५ पॉइंटाचा उच्चार, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात पॉइंट जास्त. शेजारी हिरागाना असेल तर रूबीला त्याच्या डोक्यावर स्वतःच्या एका अक्षराइतकं, म्हणजे ५ पॉइंटापर्यंत, सरकायची मुभा आहे. उरलेले अडीच-अडीच पॉइंट मूळ मजकुरात मोकळी जागा सोडूनच भरून काढावे लागतात. पण शेजारी दुसरी कांजी असेल तर सरकायला मनाईच, कारण मग हा उच्चार कोणाचा हे वाचणाऱ्याला कळणार नाही. ब्राउझरला हा भेद पाळायचा तर शेजारचं अक्षर कुठल्या जातीचं आहे ते तपासावं लागतं. सोपी वाट म्हणून काही ब्राउझर कोणावरच सरकू देत नाहीत. मग ओळीत मध्येच भोकं दिसतात आणि लेखकाला वाटतं आपल्याच पानात काहीतरी चुकलं.

आता जुकुगो. 'क्योतो' शहराचं नाव घ्या. आपल्या लिपीत 'क्यो' एक अक्षर दिसतं, पण हिरागानात ते 'कि', छोटा 'यो' आणि 'उ' असं तीन जागा घेतं. 'तो' एकच. मोनो रूबीने मांडलं तर पहिल्या कांजीचा उच्चार बाहेर येतो, दुसरीच्या डोक्यावर निम्मी जागा रिकामी राहते, आणि दोन कांजींमध्ये उगाच फट पडते. गट रूबीने मांडलं तर चार काना दोन कांजींवर अगदी चपखल बसतात, पण शब्द दोन ओळींत तोडता येत नाही. जुकुगो रूबी दोन्ही साधतो. शब्द एका ओळीत असताना पहिलीचं जादा अक्षर दुसरीच्या मोकळ्या जागेवर टेकतं, आणि शब्द ओळीच्या शेवटी तुटला तर प्रत्येक कांजी आपापला उच्चार घेऊन जाते. हे जमायचं तर फाइलीत दोन गोष्टी एकाच वेळी नोंदलेल्या हव्यात. कुठला उच्चार कुठल्या कांजीचा, आणि या कांजी मिळून एक शब्द आहेत. यातली एक जरी गाळली तरी ती नंतर कुठलाही स्टाइलशीट परत आणू शकत नाही.

डब्ल्यूथ्रीसीची रूबीवरची पहिली शिफारस, म्हणजे तिचं मंजूर मानक, ३१ मे २००१ ची, वेबपानं लिहायच्या एचटीएमएल भाषेच्या एक्सएचटीएमएल १.१ या रूपासोबत आलेली. तिच्यात साधा आणि संयुक्त असे दोन नमुने होते. साध्यात रूबी टॅगच्या पोटात मूळ मजकुराचा आरबी आणि उच्चाराचा आरटी. ज्या ब्राउझरला रूबी कळत नाही त्याच्यासाठी आरटीच्या आजूबाजूला आरपीमध्ये कंस, म्हणजे तिथे उच्चार निदान कंसात तरी दिसेल. संयुक्त नमुन्यात मूळ तुकड्यांचा एक डबा, उच्चारांचे एक किंवा दोन डबे, आणि एका उच्चाराने किती तुकडे व्यापायचे ते सांगणारा एक गुणधर्म. शिफारशीतलं उदाहरण तारखेचं होतं. १०, ३१ आणि २००२ या तीन आकड्यांवर महिना, दिवस, वर्ष अशी तीन लेबलं आणि तिन्हींच्या खाली मिळून 'मुदत संपण्याची तारीख'. कल्पना उत्तम होती. पण ब्राउझरांनी संयुक्त नमुना उचलला नाही, साधाच तेवढा चालू राहिला.

एचटीएमएल ५ लिहिताना ब्राउझर बनवणाऱ्यांच्या वॉटडब्ल्यूजी गटाने छाटणी केली. रूबी, आरटी, आरपी ठेवले, आरबी काढला. त्यांचं म्हणणं असं की आरटीच्या बाहेर जे उरतं ते मूळच, त्याला वेगळा टॅग कशाला? लिहिणाऱ्याची मेहनत वाचते हे खरं. पण एकाहून जास्त कांजींचा शब्द आला की या पद्धतीत मूळ आणि उच्चार आलटून-पालटून लिहावे लागतात, आणि गोम इथेच आहे.

'फुरिगाना' हाच शब्द जवळून पाहू. जपानीत तो चार अक्षरांत लिहितात. पहिली कांजी, तिचा उच्चार 'फु'. मग हिरागानातलंच 'रि'. मग दोन कांजी, 'गा' आणि 'ना'. आलटून-पालटून लिहिलं तर फाइलीतली ओळ अशी होते: पहिली कांजी, फु, रि, तिसऱ्या जागेची कांजी, गा, चौथ्या जागेची कांजी, ना. पडद्यावर ठीकच दिसतं. पण त्या ओळीत 'फुरिगाना' हा चार अक्षरांचा शब्द सलग कुठेच नाही. पानातला मजकूर सरळ ओळीने वाचून शोधणारी यंत्रणा तो शब्द शोधायला गेली तर हात हलवत परत येईल. कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर कांजी-उच्चार-कांजी-उच्चार अशी खिचडी मिळते. आणि कंसवाली पर्यायी मांडणी केली तर दर अक्षरामागे एक कंस, वाचणाऱ्याची दमछाक.

आरबी ठेवला की हेच रांगेत लिहिता येतं. आधी चार आरबी, त्यांच्यामागे चार आरटी. पहिल्याची जोडी पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी. मूळ शब्द सलग राहिला, उच्चारही सलग राहिला, रूबी न कळणाऱ्या ब्राउझरात मूळ शब्दापुढे एकाच कंसात पूर्ण 'फुरिगाना' दिसलं. दुसऱ्या जोडीत मूळही 'रि' आणि उच्चारही 'रि', मग त्या 'रि'च्या डोक्यावर परत 'रि' दिसेल का? सीएसएसच्या मसुद्यात याची सोय आहे. उच्चार आणि मूळ अक्षरशः सारखे असतील तर उच्चार आपोआप झाकायचा. तो फाइलीत असतो, कंसातल्या मांडणीत दिसतो, डोक्यावर मात्र येत नाही. इतक्या बारकाईने विचार झालेला नियम वाचला की या कामात हयात घालवणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

डब्ल्यूथ्रीसीने २८ ऑक्टोबर २०१४ ला एचटीएमएल ५ ची शिफारस काढली, तिच्यात आरबी परत आला आणि उच्चारांच्या डब्यासाठी आरटीसी आला. फायरफॉक्सने २०१५ मध्ये आपल्या ३८ व्या आवृत्तीत हे सगळं उतरवलं. क्रोम आणि सफारीने मात्र वॉटडब्ल्यूजीचा छोटा संच धरला. २८ मे २०१९ ला दोन्ही संस्थांनी समझोता केला की यापुढे एचटीएमएलचं एकच मानक, आणि ते वॉटडब्ल्यूजीचं जिवंत, म्हणजे सतत सुधारत राहणारं मानक. त्यात आरबी आणि आरटीसी कालबाह्य ठरलेले. ते परत आणण्यासाठी डब्ल्यूथ्रीसीने रूबीच्या विस्ताराचा वेगळा मसुदा काढला. सीएसएसचं रूबी प्रकरणही मसुद्याच्याच अवस्थेत आहे.

याचा व्यवहारातला परिणाम असा. रांगेची मांडणी आज क्रोममध्ये टाकली तर पहिला आरटी आधीच्या सगळ्या कांजींवर मिळून बसतो, आणि पुढच्या आरटींना खाली मूळच सापडत नाही, ते शेजारी अधांतरी लटकतात. म्हणजे जी पद्धत बरोबर आहे ती सगळीकडे चालत नाही, आणि जी सगळीकडे चालते ती शब्द फोडते. यातून वाट काढायची तर मला गट रूबी जवळचा वाटतो. अख्खा शब्द सलग मूळ म्हणून लिहायचा आणि अख्खा उच्चार एका आरटीत द्यायचा. कुठल्या कांजीचा कुठला उच्चार ही माहिती जाते, पण शोध, कॉपी आणि कंस तिन्ही शाबूत राहतात. बातम्या, कथा, सरकारी सूचना यांना हे पुरतं. शाळेच्या पुस्तकात मात्र कांजी-कांजीचा उच्चार शिकवायचाच असतो, तिथे आलटून-पालटून लिहिण्याला इलाज नाही. मग शोधासाठी रूबी नसलेला मजकूर वेगळा साठवावा, पानातून खरवडून काढायच्या फंदात पडू नये. लांब गट रूबी लिहिणाऱ्यांना एक दिलासा २०२४ मध्ये मिळाला. क्रोमच्या १२८ व्या आवृत्तीपासून रूबी ओळीच्या शेवटी तुटू शकतो. त्याआधी तो एकसंध ठोकळ्यासारखा पुढच्या ओळीवर उडी मारायचा आणि मागे ओळीचा शेवट ओकाबोका राहायचा.

ओळींमधलं अंतर हा प्रांत दुर्लक्षित आहे. जपानी छपाईत ओळींमध्ये निम्म्या ते पूर्ण अक्षराइतकी जागा मुळातच सोडलेली असते आणि रूबी त्या जागेत राहतो, त्याच्यासाठी ओळ खाली सरकत नाही. वेबवर ओळीची उंची कमी ठेवली की रूबी असलेल्या ओळी फुगतात, नसलेल्या तशाच राहतात, आणि परिच्छेद दातपडका दिसतो. उपाय साधा आहे. संपूर्ण परिच्छेदाला १.८ ते २ पट उंची द्यावी, फक्त रूबीवाल्या ओळींना नव्हे. मूळ अक्षर १६ पिक्सेलचं असेल तर रूबी ८ चा होतो, तो मोबाइलवर वाचवत नाही, म्हणून मूळच १८ ते २० करावं. वाचकाने ब्राउझरात किमान अक्षर-आकार ठरवून ठेवला असेल तर रूबी निम्म्याहून मोठा होईल आणि सगळी मापं बदलतील, तीही चाचणी करून पाहावी. फुरिगाना दाखवा-लपवा असं बटण द्यायचं असेल तर लपवताना आरटी पानातून काढून टाकू नये, फक्त अदृश्य करावा. जागा राखली जाते, ओळी उड्या मारत नाहीत, वाचणाऱ्याचा धागा तुटत नाही.

छोट्या काना अक्षराचा मुद्दाही इथलाच. 'क्यो'तला छोटा 'यो' पाच पॉइंटात इतका बारीक होतो की दिसेनासा होतो, म्हणून छापखान्यांनी रूबीत तो पूर्ण मापाचा लावायची प्रथा पाडली. पण आता 'ब्योइन' म्हणजे हॉस्पिटल आणि 'बियोइन' म्हणजे ब्यूटी पार्लर, दोन्हींचा रूबी हुबेहूब सारखा दिसतो. कागदावर खाली कांजी असल्यामुळे गोंधळ होत नाही. फाइलीत मात्र मोठा 'यो' लिहून ठेवला तर वाचून दाखवणारं यंत्र हॉस्पिटलला ब्यूटी पार्लर म्हणेल. म्हणून आरटीत शुद्धलेखनाप्रमाणे छोटाच काना लिहायचा आणि दिसण्यापुरता मोठा करायचं काम सीएसएसकडे सोपवायचं. अक्षरांचं रूप बदलणाऱ्या गुणधर्मात काना पूर्ण मापाचा करण्याचं मूल्य याचसाठी आहे.

स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रश्न अजून सुटलेला नाही. अनेकदा तो आधी कांजी वाचतो, मग उच्चार वाचतो, म्हणजे 'तोक्यो तोक्यो'. उच्चार त्याच्यापासून लपवला तर यंत्र आपल्या शब्दकोशातून अंदाज करतं आणि माणसांच्या, गावांच्या नावांत हमखास फसतं. तिथेच तर लेखकाने उच्चार मुद्दाम दिलेला असतो. कांजी लपवून फक्त उच्चार वाचू दिला तर सुरांचा आघात जातो. 'हाशी' म्हणजे पूल आणि 'हाशी' म्हणजे जेवायच्या काड्या, तोक्योच्या बोलीत या दोन्हींचा चढउतार वेगळा, आणि तो हिरागानात लिहिलेला नसतो. माझ्या मते नावांना उच्चार ऐकवावा, नेहमीच्या शब्दांना कांजी. पण हा निर्णय यंत्राने घ्यायचा तर कुठला रूबी शिकाऊ वाचकासाठी दिलाय आणि कुठला खरोखर संदिग्धता मिटवण्यासाठी, हे मानकात सांगायची सोय हवी, आणि ती नाही.

हे दोन हेतू छपाईतही वेगळेच होते. एकेकाळी जपानी वर्तमानपत्रं जवळजवळ प्रत्येक कांजीला रूबी लावत. १९४६ साली सरकारने रोजच्या वापराच्या १८५० कांजींची यादी जाहीर केली, आणि तिच्या सूचनांत फुरिगाना तत्त्वतः वापरू नये असं म्हटलं. अवघड अक्षर वापरून वर उच्चार देण्यापेक्षा सोपं अक्षर वापरा, असा रोख होता. आजच्या यादीत २१३६ कांजी आहेत आणि रूबी काही गेला नाही.

तैवानमध्ये चित्र निराळं आहे. तिथे उच्चार झुयिन चिन्हांत देतात. १९१८ साली अधिकृतपणे जाहीर झालेली ही पद्धत, आज तिची ३७ चिन्हं वापरात आहेत, आणि तैवानमधली मुलं पहिलीत गेल्यावर सुरुवातीचे दहा आठवडे हीच शिकतात, चिनी अक्षरं त्यानंतर. झुयिन मजकूर आडवा असला तरी अक्षराच्या उजव्या अंगाला उभा लिहितात. एका अक्षराला एक ते तीन चिन्हं आणि एक सूर. चिन्ह मूळ अक्षराच्या साधारण ३० टक्के मापाचं, म्हणजे तीन चिन्हं एकाखाली एक लावली की ९० टक्के उंची भरते, अगदी मापात. सुराची खूण मात्र त्या रांगेत नसते. दुसरा, तिसरा आणि चौथा सूर शेवटच्या चिन्हाच्या उजवीकडे बाहेर लागतो, पहिल्याला खूणच नसते, आणि हलक्या सुराचा ठिपका रांगेच्या डोक्यावर. म्हणजे एकाच उच्चारात दोन दिशांची मांडणी. सीएसएसमध्ये रूबीची जागा सांगताना 'दोन अक्षरांच्या मध्ये' असं मूल्य यासाठीच ठेवलं, पण सगळ्या ब्राउझरांत ते आलेलं नाही. मग लोक झुयिन अक्षराच्या चित्रातच बसवलेला फॉन्ट वापरतात. छापील कागदासाठी ठीक. पण एकाच अक्षराचे दोन उच्चार असले, जसं 'लांब' या अर्थी 'छांग' आणि 'वाढणे' या अर्थी 'जांग', की फॉन्टमध्ये पर्यायी आकृती निवडावी लागते, आणि निवडली तरी तो उच्चार मजकुरात येत नाही. शोधणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला तो सापडणार नाही.

चीनमध्ये १९५८ पासून पिनयिन, रोमन अक्षरांत. एका अक्षरावर कधी सहा रोमन अक्षरं येतात, निम्म्या मापातही ती दीड अक्षर जागा खातात, त्यामुळे बालपुस्तकांत मूळ अक्षरंच लांब-लांब लावतात.

टॅगशिवायही हे काम नीट करता येतं, याचं उत्तम उदाहरण आओझोरा बुंको. जपानी साहित्याचं हे मोफत डिजिटल ग्रंथालय १९९७ साली सुरू झालं. त्यांच्या साध्या मजकुराच्या फाइलीत शब्दामागे दुहेरी टोकदार कंसात उच्चार असतो. तो कुठपर्यंत लागू हे कसं कळायचं? कंसाच्या आधीचा सलग कांजींचा तुकडा, हा नियम. आणि तो नियम जिथे चुकेल, म्हणजे मूळ शब्द कांजींच्या मधूनच सुरू होतो किंवा त्यात काना मिसळलेला आहे, तिथे सुरुवातीला एक उभी रेघ. एवढंच. एक पान वाचून कोणीही स्वयंसेवक शिकतो. युनिकोडमध्येही यासाठी तीन अदृश्य खुणा आहेत, मुळाची सुरुवात, उच्चाराची सुरुवात आणि शेवट. पण त्या प्रणालीच्या आतल्या वापरासाठी आहेत, देवाणघेवाणीच्या फाइलीत वापरू नका असं युनिकोडच सांगतं. ते ऐकावं.

पुण्यात जपानी शिकणारे खूप आहेत, आणि जपानी भाषेची प्रमाण परीक्षाही तिथे होते. मराठी वाचकांसाठी कांजीवर देवनागरी रूबी द्यायचा मोह स्वाभाविक आहे, आणि मार्कअप, म्हणजे टॅगची रचना, त्याला आडवं येत नाही. आडवी येते मांडणी. स्पेस-अराउंड अक्षरं सुटी करून पसरवण्यासाठी आहे. देवनागरीत तसं पसरवलं तर शिरोरेषा तुटते, म्हणून इथे मधोमध ठेवण्याचं मूल्यच द्यावं. निम्मं माप चालत नाही, कारण वेलांटी, रफार, उकार वर-खाली जागा मागतात. ६० ते ६५ टक्के ठेवावं आणि आरटीच्या ओळीची उंची मोकळी करावी, नाहीतर उकार कांजीत घुसतो. 'ऱ्योकान' सारखा शब्द लावून पाहावा, त्यातला अर्धा ऱ बारीक मापात नाहीसा होत असेल तर फॉन्ट बदलावा. आरटीला भाषा मराठी म्हणून नोंदवायला विसरू नये, नाहीतर ब्राउझर जपानी फॉन्टच्या यादीतून देवनागरी शोधत बसतो आणि वाचून दाखवणारा आवाजही चुकीचा लागतो. आणि उभ्या जपानी मजकुरात देवनागरी आडवी पडते, मान वाकडी करून वाचावी लागते. तिथे देवनागरी रूबी देऊच नये.

जपानमध्ये उच्चार ही आता कायदेशीर नोंदही आहे. कुटुंबनोंदणीच्या कायद्यातली दुरुस्ती २६ मे २०२५ पासून लागू झाली आणि नावाच्या कांजीसोबत तिचा उच्चारही नोंदवहीत यायला लागला. जपानी अर्जांत नावाच्या वर फुरिगानाचा वेगळा रकाना कित्येक वर्षांपासून आहे. संगणकाला नावं क्रमाने लावायची तर त्यावरूनच लावावी लागतात. या दोन रकान्यांतून वेबपानावर रूबी काढणाऱ्याने एक काळजी घ्यावी. त्याच्याकडे अख्खं नाव आणि अख्खा उच्चार आहे, कुठल्या कांजीचा कुठला भाग ही माहिती नाही. शब्दकोशावरून उच्चाराचे तुकडे पाडायचे प्रोग्राम मिळतात, पण आईवडिलांनी कांजी अर्थासाठी निवडून उच्चार मनाचा दिलेला असला की ते माणसाच्या नावाचे चुकीचे तुकडे पाडतात. आडनावाला एक गट रूबी, नावाला दुसरा, इतकंच करावं, आणि त्यासाठी अर्जात दोन्ही रकाने आडनाव व नावासाठी पहिल्यापासून वेगळे ठेवावेत.